पुस्तकाचा हमाल

१८ जानेवारी २०२४, अनगोळ, बेळगाव

आज माझी कादंबरी आली. 'खंदकातला सूर्य'. दहा खोकी भरून प्रती आहेत. निपाणीहून संघर्ष स्वतः गाडी घेऊन आला. तो माझा शाळेपासूनचा मित्र. छापखाना चालवतो, आणि आता माझा प्रकाशकही आहे. खोकी जिन्यावरून वर चढवताना दोघांची दमछाक झाली, पण मला वाटले, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड घाम. (हे वाक्य कुठेतरी वापरता येईल.)

निपाणीतल्या आमच्या गल्लीत पुस्तक लिहिलेला पहिला माणूस मी, यशपाल कांबळे. बँकेत अधिकारी झालो तेव्हा वडिलांनी, आप्पांनी, गल्लीभर पेढे वाटले होते. आज फोनवर त्यांनी एवढेच विचारले, "कुणावर लिव्हलास?"

"बेळगावच्या किल्ल्यातल्या एका सरदारावर, आप्पा."

"आपल्या वळखीचा हाय काय?"

कल्पनेतला नायक म्हणजे काय, हे आप्पांना फोनवर समजावणे अवघड गेले.

माझ्या बायकोने, रचनाने, आधी हात पदराला पुसले आणि मग पुस्तक हातात घेतले. दोन-चार पाने उलटली. "लई जड हाय की," म्हणाली. बरे वाटले. घरच्या माणसाकडून स्तुती सहसा होत नाही.

गेल्या महिन्यात नवलेखकांच्या कार्यशाळेत मार्गदर्शकांनी सांगितले होते की विषय मोठा निवडावा, रोज दैनंदिनी लिहावी, आणि आपल्या पुस्तकाचा प्रचार करायला लेखकाने लाजू नये. विषय तर मोठाच निवडला आहे. दैनंदिनी आजपासून. प्रचार उद्यापासून.

२९ जानेवारी

काल प्रकाशन झाले. खुर्च्या भरल्या होत्या, हे मुद्दाम नमूद करतो. पाहुण्या वक्त्यांचे पुस्तक वाचायचे राहून गेले होते, पण मुखपृष्ठाबद्दल ते मनापासून बोलले. आमचे शाखाधिकारी कन्नड भाषिक. तरी शेवटपर्यंत बसले. जाताना हात दाबून म्हणाले, "छलो आत री, सर, छान झालं. फोटो मस्त आलेत."

रचना उशिरा पोचली. ती जांबोटीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. वाड्यावाड्यांवर फिरून लस देणे, बाळंतपणे करणे हे तिचे काम. तिकडे बसगाड्या मोजक्याच. एक चुकली की चालायचे. पाय घोट्यापर्यंत लाल धुळीने माखले होते. मी तिला मागच्या रांगेत बसायला सांगितले, कारण पुढे फोटो निघत होते. ती काही बोलली नाही. समजूतदार आहे.

६ फेब्रुवारी

सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी कादंबरीतले एक वाक्य टाकतो. आजचे वाक्य होते : 'इतिहासाच्या गर्भात ज्वालामुखी निद्रिस्त असतो.' अंगठे बरेच आले. एका खातेदाराने विचारले, "साहेब, पासबुक आज छापून मिळंल काय?"

बाकी मागणी नाही. धीर धरला पाहिजे.

११ फेब्रुवारी

आज लिहिण्याजोगे काही घडले नाही. प्रचारासाठी एक लेख लिहायला बसलो होतो, 'नव्या लेखकाने विषय कसा शोधावा' असा. तेवढ्यात रचना आली आणि सुरू झाली. कुठल्याशा वाडीवर एक सहा वर्षांचा मुलगा सुईच्या भीतीने फणसाच्या झाडावर चढून बसला. आई ओरडली, आजीने काठी आपटली, मास्तरांनी लिमलेटची गोळी दाखवली, तरी पठ्ठ्या उतरेना. मग हिने झाडाखालीच बैठक मारली, डबा उघडला, आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा एकेक तुकडा भाकरीबरोबर सावकाश खायला लागली. वर न बघता. वास वर गेला. थोड्या वेळाने एक पाय खाली आला, मग दुसरा. शेवटी पोरगा हिच्या मांडीला लागून बसला आणि म्हणाला, "शेपटाकडचा मला." हिने एका हाताने घास भरवला आणि दुसऱ्या हाताने सुई टोचली. तोंड भरलेले, त्यामुळे रडताही येईना.

अक्षरा पोट धरून हसत होती. मुलगी कॉलेजात गेली तरी पोरकटपणा गेला नाही. मला तो लेख पुढे सुचेना. विषय शोधणे फार कठीण असते. लोकांना वाटते, आपोआप सुचते.

३ मार्च

आपल्याकडे थंडी सरता सरता गावोगावी साहित्य संमेलने भरतात. आज अशाच एका गावी मंडपाबाहेर टेबल मांडून बसलो. एका बाजूला लोणची-पापड, दुसऱ्या बाजूला आयुर्वेदिक तेल. तेलवाल्याकडे गर्दी होती. एका बाईंनी माझे पुस्तक उचलले, वारा घेतला आणि ठेवून दिले.

परतताना खोके तेवढेच जड होते.

घरी आल्यावर अक्षराला स्पष्ट विचारले, "तू वाचलीस ना? खरं सांग, कुठं कमी पडली?"

तिने बराच वेळ नखे बघितली. "पप्पा, राग नका मानू. दोनशे पानं झाली, पण ह्यात कुणी जेवतच न्हाय."

ऐतिहासिक कादंबरीत जेवणाचा काय संबंध? तरीही जेवताना ते डोक्यात राहिले. रचना तेव्हा तिच्या वाडीवरच्या कुण्या म्हातारीचे सांगत होती, पूर आलेल्या ओढ्याचे, बाळंतपणाचे. मी नुसती मान डोलावली. दुर्लक्षच होते म्हणा.

१७ एप्रिल, निपाणी

काय झाले ते नीट लिहून ठेवतो, कारण मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही.

जयंतीच्या आठवड्यातल्या कार्यक्रमात संघर्षने माझे वाचन ठेवले होते. आमच्या गल्लीतले समाजमंदिर. आप्पा पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, गळ्यात निळा गमछा. बायकाही बऱ्याच होत्या. मी लढाईचे प्रकरण काढले. तिसऱ्या पानाला मागे कुजबुज सुरू झाली. सहाव्या पानाला आप्पांचे डोळे मिटले. मग वीज गेली. पंखे थांबले, माईक बंद पडला, आणि माईकशिवाय तलवारींचा खणखणाट ओरडून वाचणे मला जमेना. लोक उठायला लागले.

ते थांबावेत म्हणून तोंडाला आले ते बोललो. "थांबा, आमच्या घरातलंच एक सांगतो."

आणि रचनाची ती म्हातारीची गोष्ट सांगितली. मी ती ऐकली नव्हती असे मला वाटत होते. पण सगळी येत होती.

पावसाळ्यातला दिवस. ओढा दुथडी. रचना आणि सोबतची आशा सेविका लाकडाच्या साकवावरून, एकमेकींना धरून वाडीवर पोचल्या. घरात सून अडलेली, तिचा आवाज बाहेर येत होता. दारात सासू उभी. नागुबाई तिचे नाव. तिने भिजलेल्या रचनाकडे वरपासून खालपर्यंत बघितले आणि विचारले, "सिस्टर, आडनाव काय तुमचं?"

"कांबळे. आता आत येऊ काय?"

म्हातारी दारातून हलेना. पाऊस कोसळत होता. मग आतून सूनच ओरडली, "आत्ती, बाजूला व्हा!" म्हातारी जराशी सरकली आणि तेवढ्या फटीतून रचना आत गेली.

मूल जन्मले ते निळे. गळ्याला नाळ. रडेना. रचनाने नाळ सोडवली, अंग पुसले, पाठ चोळली. तरी नाही. तेव्हा त्या एवढ्याशा तोंडावर आपले तोंड ठेवून फुंकर घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली. म्हातारी समोर उभी राहून बघत होती. आणि मग ते पोर असे किंचाळले की गोठ्यातली म्हैस हंबरली. मुलगी होती.

नागुबाई खाली बसली. स्वतःचा पदर सोडून तिने रचनाचे ओले डोके पुसायला घेतले, आणि पुसतच राहिली.

माझे बोलणे संपले तेव्हा मला आधी वाटले, लोक निघून गेले. इतके शांत होते. आप्पा जागे होते. एका बाईने डोळ्याला पदर लावला होता. ती पुढे आली, टेबलावरची कादंबरी उचलली आणि म्हणाली, "हे कुठल्या पानावर हाय, दादा?"

"ह्यात नाही ते."

तिने पुस्तक होते तिथे ठेवले. "मग ते ज्यात हाय ते द्या की."

बाहेर आल्यावर संघर्ष खांद्यावर हात टाकून म्हणाला, "यशा, तुझ्या त्या सरदाराला कुणी कवा दारात थांबवून आडनाव इचारलं न्हाय बघ." असे का म्हणाला, कळले नाही. सरदाराला कोण विचारणार?

१८ एप्रिल

आनंदाने घरी येऊन रचनाला सगळे सांगितले. वाटले होते, खूश होईल. ती भाकऱ्या थापत होती. हात थांबला.

"कुणाला इचारून सांगितलासा?"

"अगं, लोक रडले!"

"मला इचारलासा काय? त्या म्हातारीला इचारलासा काय?"

नंतर जेवताना बोलली नाही. दमली असेल, असे मी अक्षराला म्हणालो. अक्षरा म्हणाली, "दमली न्हाय ती, पप्पा."

२ मे

रचनाशी बोललो. कादंबरीच्या वेळी मी सगळ्यांना भेटलो, वक्त्यांना, संपादकांना, शाखाधिकाऱ्यांना. हिला कधी विचारले नव्हते की तुझ्याकडे अशा गोष्टी किती आहेत.

"रोजची एक," म्हणाली. "वीस वर्सं झाली नोकरीला."

वीस वर्षे त्या गोष्टी माझ्या ताटासमोर येत होत्या.

तिच्या परवानगीने पहिली गोष्ट लिहायला घेतली. चांगली शैली वापरली : 'मेघांच्या प्रलयंकारी गर्जनेत एक करुणामूर्ती निर्भयपणे मार्गक्रमण करीत होती.' तिने वाचले.

"ही कोण?"

"तू."

"मी घसरून पडल्ते त्या दिवशी. दोनदा. आणि भीती वाटत हुती लई." कागद परत देत म्हणाली, "मी अशी बोलत न्हाय ओ."

२६ मे

नवी पद्धत सुरू झाली. रविवारी सकाळी रचना भाजी निवडत सांगते. अक्षरा फोनवर ते उतरवून घेते आणि नंतर टाइप करते. रचना कागद घेऊन स्वतः दुरुस्त करते. माझे काम प्रश्न विचारणे. 'मग?' आणि 'तेव्हा हातात काय होतं?' हे दोन प्रश्न सर्वांत उपयोगी, असे मला आढळले आहे. कार्यशाळेत हे कुणी सांगितले नव्हते.

मध्ये मध्ये मी एखादे विशेषण घालतो. ती काढते. पुन्हा घालतो, पुन्हा काढते. 'निरागस' हा शब्द आजवर चार गोष्टींतून हद्दपार झाला.

पण लिहिते कशी! आज तिने स्वतःच एक पान लिहून आणले. वाडीवरची एक बाई मूल गेल्यावर तीन महिने रोज ठराविक वेळी केंद्रात येऊन बाकावर बसायची. तिच्याजवळ बोलायला काही नव्हते म्हणून रचना तिला कापसाचे बोळे करायला द्यायची. एवढेच लिहिले होते. शेवटी होते : 'त्या वर्षी आमच्या केंद्रात कापूस कधी कमी पडला नाही.'

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. असले एक वाक्य मला जन्मात लिहिता आले नसते. वाईट वाटायला हवे होते. उलट ऊर भरून आला, आणि शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या राजाबाईंना मी उगीचच ओरडून सांगितले, "आमची रचना पुस्तक लिहितेय!"

८ सप्टेंबर

खरे ते लिहितो. इथे नाही लिहिले तर कुठे लिहू?

संघर्षने मुखपृष्ठाचा नमुना पाठवला. त्यावर 'लेखक : यशपाल कांबळे', आणि खाली बारीक अक्षरात 'अनुभव : रचना'. मी त्याला असे सांगितले नव्हते. त्याने आपल्या समजुतीने टाकले. पण ते बघून मला बरे वाटले. नंतर दिवसभर मी स्वतःशी वाद घालत होतो. घडले तिच्यासोबत, हे मान्य. पण पुस्तक म्हणून विचार माझाच ना? प्रश्न मीच विचारले ना? लेखक म्हणून माझी थोडी ओळखही आहे. प्रचाराला सोपे जाईल.

रचनाला नमुना दाखवला. तिने बघितला, चष्मा काढला आणि "चांगला हाय रंग," म्हणून कपडे घड्या करायला गेली.

अक्षरा मात्र सगळी पाने घेऊन माझ्यासमोर बसली. "पप्पा, ह्यातलं तुमचं एक वाक्य दाखवा. एकच."

शोधले. सकाळभर शोधले. शेवटी एक सापडले, फणसाच्या गोष्टीतले : 'वृक्षराज मौन होता.' आनंदाने बोट ठेवले. मग बघतो तर त्यावर रचनाने पेन्सिलीने काट मारली होती.

अक्षराला हसू आवरेना. मग मलाही आवरेना. फोन उचलला. "संघर्ष, नाव बदल. रचना कांबळे. मोठ्या अक्षरात घाल. माझं कुठंच नको."

"नक्की रं?"

"लई नक्की."

स्वयंपाकघराच्या दारात रचना उभी होती. कधी आली होती कोण जाणे. "आडनावाचा ठसा जरा गडद करा म्हणावं," म्हणाली.

१३ ऑक्टोबर

रचनाची एक अट होती. ज्यांच्या ज्यांच्या गोष्टी आहेत, त्यांना वाचून दाखवायच्या. नको म्हटले तर काढायच्या. मी म्हणालो, छापखाना थांबलाय. ती म्हणाली, थांबूंदे.

त्यामुळे गेले सगळे रविवार आम्ही जांबोटीकडे आहोत. मला वाटायचे, माझी बायको 'तिकडे' नोकरी करते. 'तिकडे' म्हणजे काय ते आता पायांना कळले. भाताची खाचरं, जंगलातली वाट, वाटेत उभी जनावरं, आणि प्रत्येक दारातून "सिस्टर!" अशी हाक. फणसावरचा पोरगाही भेटला. आपली गोष्ट ऐकून त्याने अट घातली की मी रडलो नाही असे लिहा. रचनाने त्याला वाचून दाखवले की तसेच लिहिले आहे.

एका बाईने मात्र नको म्हटले. कापसाच्या बोळ्यांची ती गोष्ट. ऐकून घेतली, रचनाचा हात धरला आणि म्हणाली, "माझ्याजवळच ऱ्हाऊंदे." मी बाजूला ओढून रचनाला म्हणालो, ही आपली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, नाव बदलून घालू. तिने माझ्याकडे असे बघितले की पुढचे शब्द मी गिळले. ते पान घडी करून त्या बाईलाच दिले, हे तिने मला बसमध्ये सांगितले. मला हळहळ वाटली, आणि तिच्याबद्दल आदर वाटला. दोन्ही खरे आहे.

आज शेवटचे घर. नागुबाई.

म्हातारी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सून दाराशी उभी राहिली, आणि ती निळी जन्मलेली पोरगी आमच्या पिशवीत डोके घालत होती. रचनाने गोष्ट वाचली. तिचा आवाज एकदाच अडखळला, आडनावाशी.

"आजी, तुमचं नाव बदलून घालू काय?"

म्हातारी तांदूळ पाखडतच राहिली. ऐकू आले नसेल असे वाटून मी मोठ्याने पुन्हा सांगायला लागलो. रचनाने माझा हात दाबला.

"मी आडनाव इचारलं, त्ये लिव्हलंयस नव्हं?" नागुबाई म्हणाली.

"व्हय."

"त्ये ऱ्हाऊंदे. नावबी माझंच ऱ्हाऊंदे."

"लोक तुम्हाला बोल लावतील, आजी."

"लावूंदेत की." सूप बाजूला ठेवले. "'सिस्टर, आत या' म्हनायला पायजे हुतं. त्या दिशी त्वांडातनं आलं न्हाय. ही पोर उद्या शाळंत जाईल, वाचंल. तिला कळूंदे, तिला कुणी जगवलं आणि दारात आडवी कोण हुबी हुती."

मग म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, रचनाचे मनगट धरले आणि म्हणाली, "सिस्टर, आत या."

दोघी आत गेल्या, पार चुलीपर्यंत. मी ओट्यावर पोरीला खेळवत बसलो. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

परतीच्या वाटेवर मी पुस्तकाची तीन-चार नावे सुचवली. रचना म्हणाली, नाव मिळालं. 'सिस्टर, आत या'.

२२ डिसेंबर

पुस्तक येऊन दोन आठवडे झाले. प्रचार माझ्याकडे आहे. ह्या वेळी व्हॉट्सॲपवर वाक्ये टाकत नाही. ज्यांना ते आपले वाटेल, त्यांच्याकडे खोके घेऊन जातो. आशा सेविकांच्या बैठकीला गेलो, एका नर्सबाईंच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला गेलो, चिकोडीच्या महिला मंडळात गेलो. भाषण करत नाही. एक गोष्ट वाचायची आणि पुस्तक टेबलावर ठेवून बाजूला व्हायचे.

चिकोडीत जरा हुशारी केली. फणसाची गोष्ट अर्ध्यात तोडली आणि म्हणालो, पुढचं पुस्तकात वाचा. अक्काताई म्हणून एक दणकट बाई होत्या, त्यांनी दार लावून घेतले. "पोरगं खाली आलं का न्हाय ते सांगा, मग जावा." सांगितले. सांगून झाल्यावर सगळ्याच बायकांनी पुस्तक घेतले, अक्काताईंनी तर माहेरी द्यायला म्हणून आणखी एक. ही हुशारी पुन्हा करायची नाही. लोकांना शेवट कळला म्हणून पुस्तक नकोसं होत नाही.

निपाणीत समाजमंदिरात आप्पांनी खुर्ची लावून बसून सगळं ऐकलं. डोळे मिटले नाहीत. शेवटी सुनेला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ह्यातली सगळी वळखीची हायत."

१९ जानेवारी २०२५

गेल्या वर्षी ज्या मंडपाबाहेर बसलो होतो, त्याच गावच्या संमेलनात आज रचना व्यासपीठावर होती. 'नवलेखकांशी संवाद'. मी बाहेर, टेबलाशी. कापडी कनातीच्या फटीतून ती दिसत होती. केंद्रातून थेट आली होती. पायावर लाल धूळ होती आणि ती पहिल्या रांगेच्याही पुढे, सगळ्यांना दिसेल अशी बसली होती. फोटो काढणाऱ्याला मी जाऊन सांगितलं, पाय येऊ देत फोटोत.

कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, नव्या लेखकानं विषय कसा शोधायचा?"

रचनानं माईक जवळ ओढला. "मी विषय शोधाय गेले न्हाय ओ. लस द्यायला गेलते." मंडप हसला. मग ती म्हणाली, "तुम्ही जिथं रोज जाता तिथं कोणतरी बोलत असतंय. तिथं जरा बसा. घाई करू नका. आणि जे ऐकलं ते त्या माणसाचं असतंय, आधी त्याला इचारा. न्हाय म्हटलं तर सोडून द्या. त्यानं पुस्तक बारीक होत न्हाय."

"आणि प्रचार कसा करायचा?"

"ते ह्यांना इचारा," म्हणाली, आणि कनातीच्या दिशेनं हात केला.

सगळा मंडप वळला. मी खोक्यावर खोकं ठेवत होतो. एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या रांगेतून म्हणाले, "तुम्ही बाईंचे मालक व्हय?"

इथं नवऱ्याला मालकच म्हणतात. आयुष्यभर हा शब्द ऐकत आलो. आज तो मला बसेना.

"मालक न्हाय," मी म्हणालो. "हमाल."

मंडप असा हसला की कनात हलली. रचनानं तोंडाला पदर लावला होता, पण तिचे डोळे मला इतक्या लांबूनही दिसले. आमचे आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पोती वाहून त्यांनी मला शिकवलं. हा शब्द मी बँकेत कधी कुणापुढं उच्चारला नव्हता. आज शे-दोनशे माणसांपुढं म्हणालो, आणि मान ताठ होती.

संध्याकाळी बसनं परतलो. दोघंही दमलेलो. पुढच्या थांब्याला एक बाई चढली, कडेवर बोचकं, केस विस्कटलेले. रचनानं सरकून विचारलं, "कुठनं आलीस गं, आक्का?" बाईनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि बोलायला सुरुवात केली.

मी उठलो, बाईला माझी जागा दिली आणि मागं जाऊन दांडी धरून उभा राहिलो. इंजिनाच्या आवाजात अर्धंच ऐकू येत होतं. बाकीचं जेवताना कळेलच.